कानाचा वास

सासूचा उजवा कान दुखायला लागला तेव्हा आमचा ताग पाण्यात होता, आणि ताग पाण्यात असताना आमच्या घरात कुणी आजारी पडत नाही. पडायचंच नाही. ताप आला तर तळ्यात उभं राहूनच तो अंगावर काढायचा, आणि मरायचंच असेल तर वाख वाळवून, बांधून झाल्यावर मरायचं. थट्टा नाही करत मी. सासरे गेले ते बरोब्बर हंगाम संपल्यावर, आणि सासू अजून त्याबद्दल त्यांचं कौतुक करते.

तागाचं काम ज्याने पाहिलं नाही तो सुखी. उभा ताग कापायचा, जुड्या बांधायच्या, तळ्यात बुडवायच्या, वर दगड आणि चिखलाची ढेकळं ठेवायची आणि कुजू द्यायच्या. साल कुजून सुटी झाली की कमरेइतक्या पाण्यात उभं राहून काडी न् काडी सोलायची. काडी फेकायची, साल धुवायची. तोच वाख, त्याचेच दोर आणि पोती होतात. लवकर काढला तर साल काडीला चिकटून बसते, नखं उखडली तरी निघत नाही. उशीर झाला तर वाखाचा शेंबूड होतो, हातातून ओघळतो. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला. तळं अर्ध्यावर आलेलं आणि सगळ्या गावाच्या जुड्या त्या अर्ध्या तळ्यात. पाणी काळं झालेलं, वर जाड साय धरलेली, सायीतून बुडबुडे फुटायचे. मेलेल्या जनावराच्या पोटात उभं राहिल्यासारखं वाटायचं मला.

माझं माहेर भट्टीवाल्यांचं. कोरडी माती, धूर आणि राख. लग्न होऊन आले आणि पहिल्याच दिवशी तळ्याच्या काठावर भडाभडा ओकले. तेव्हापासून बायका मला ‘अत्तरदाणी’ म्हणतात.

‘‘अत्तरदाणी, जरा बाजूला हो गं, आमचा वास लागेल तुला!’’ असं म्हणत मुद्दाम अंगावर पाणी उडवायच्या. पहिल्या वर्षी रडले. दुसऱ्या वर्षी शिव्या दिल्या. मग गप्प बसायला शिकले. पण नाक काही मेलं नाही माझं. बाकीच्यांची नाकं चार दिवसांत मरतात. अंगाला, अंथरुणाला, भाकरीला, लहान पोरांच्या टाळूला, सगळ्याला तोच वास, आणि कुणाला त्याचा पत्ता नाही.

फक्त सासूचं नाक जिवंत होतं, पण एकाच कामापुरतं. तळ्याचं नाकच म्हणायचे तिला. जुड्या तयार झाल्या का ते तिनेच सांगायचं. ती पाण्यावर टाकलेल्या फळीच्या कडेला वाकायची, हात खांद्यापर्यंत आत घालायची, त्यासाठी उजवा कान पार पाण्यात बुडवायची, आणि ढिगाच्या अगदी तळातल्या जुडीतून एक काडी ओढून काढायची. ती मोडून नाकाशी धरायची. काठावर सगळी माणसं श्वास रोखून उभी. मग ती म्हणायची, ‘‘आली,’’ किंवा म्हणायची, ‘‘नाही आली.’’ बस्स. दुसऱ्याने तोंड उघडायचं काम नाही. सरपंच जरी असला तरी.

तो उजवा कान तिचा लहानपणापासून वाहायचा. म्हणून पाण्यात उतरण्याआधी ती वाखाचा बोळा करून, तेलात बुडवून कानात कोंबायची आणि वर आल्यावर काढून टाकायची. त्या वर्षी कान ठणकायला लागला तशी तिने बोळा काढणंच सोडलं.

‘‘हवा लागली की कळ येते,’’ म्हणाली. ‘‘असू दे आत.’’

सुरुवातीला नुसतं कान दाबून उभी राहायची. मग एका सकाळी जुडी उचलताना तिच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. मी दचकले. त्या बाईच्या तोंडून आईचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

‘‘काय झालं, आत्याबाई?’’

‘‘काही नाही. कानातून कळ मानेत उतरली. उचल तू.’’

शेजारी पाण्यात काकी उभी होती. आमच्या भावकीतलीच, नात्याने चुलत सासू. दुसऱ्याच्या दुखण्यावर हिचा जीव. स्वतःचं घर जळत असलं तरी ही शेजाऱ्याच्या पायातला काटा काढायला जाईल.

‘‘मान आखडली असेल,’’ काकी म्हणाली. ‘‘ओल्या जुड्या डोक्यावर घेतेस ना. शीर धरते. ती कानात ठणकते.’’

‘‘मला वाटतं वारं शिरलं,’’ माझा नवरा म्हणाला. तो पाठमोरा उभा राहून मोगरीने काड्यांचे बुंधे ठेचत होता. आईकडे वळून बघायलाही त्याला सवड नव्हती.

‘‘किडा गेला असेल,’’ पलीकडून कोणीतरी ओरडलं. ‘‘पाण्यातला. तो कान पोखरत खाली जातो म्हणे.’’

‘‘तुझ्या डोक्यात गेलाय किडा,’’ सासू म्हणाली. सगळे हसले. आणि ती परत वाकली, कान पाण्यात बुडवून.

‘‘आत्याबाई, एकदा दवाखान्यात दाखवून येऊ,’’ मी म्हटलं.

‘‘आणि जुडी आली हे कोण सांगणार? तू? नाकाने कांदे सोलणारी?’’

परत सगळे हसले. नवराही हसला. मला त्या हसण्याचीच जास्त शिसारी आली.

संध्याकाळी काकी आमच्या घरी आली, हातात तेलाची वाटी. लसूण टाकून उकळलेलं तेल. सासूला जमिनीवर आडवी केली, कानात धार सोडली. तेल आत जाईना. बोळ्यावर साचून राहिलं आणि गालावरून ओघळलं, पिवळट, त्यात पांढरे धागे. काकीने ते स्वतःच्या हाताने पुसलं आणि तोच हात मानेला चोळायला घेतला. कानाच्या खालून खांद्यापर्यंत अंगठा दाबत न्यायची, जशी काडीवरची साल ओढतात तशी. सासू ओठ चावून पडलेली. मानेवर कानाखाली एक गाठ होती, लिंबाएवढी, लाल. काकीचा अंगठा नेमका तिच्यावर.

‘‘ही बघ, शिरेची गाठ. फोडते की नाही बघ हिला!’’

‘‘काकी, हळू. लाल झालंय ते.’’

‘‘तू दिवा धर.’’

दिवा धरायला मी खाली वाकले आणि तो वास माझ्या नाकात गेला. तळ्याचा नव्हे. तळ्याचा वास आंबट असतो, ओल्या शेणासारखा, बुळबुळीत. हा गोड होता. गोडसर आणि जड. जीभ उलटी वळते असा. माहेरी भट्टीच्या मागे एकदा कुत्रं मरून पडलं होतं, त्याची आठवण झाली. मी हाताने तोंड दाबून बाहेर पळाले.

‘‘बघा, बघा राणीसाहेब!’’ काकी आतून ओरडली. ‘‘सासूची सेवा करायला घाण वाटते हिला!’’

परत आले तेव्हा मी धीर करून बोलले. ‘‘आत्याबाई, कानाला वास येतोय. वेगळाच. आत काहीतरी सडलंय.’’

सासू तशीच पडून माझ्याकडे बघत राहिली. दुखण्यापेक्षाही ते बोलणं तिला लागलं, हे मला दिसलं.

‘‘तू या घरात आलीस तेव्हा मला कळायला लागलं,’’ ती हळूहळू म्हणाली, ‘‘की मला वास मारतो. तुझ्या येण्याआधी कुणाला कळलं नव्हतं.’’

‘‘कानामागून आली आणि तिखट झाली,’’ काकी म्हणाली.

नवऱ्याने नंतर मला अंगणात गाठलं. ‘‘आईला असं बोलतात का?’’

‘‘मग कसं बोलू? सडलंय तिथे काहीतरी.’’

‘‘हंगामात सगळंच सडलेलं असतं. तुझं हे नेहमीचंच आहे.’’

हे मात्र खरं होतं. माझं नेहमीचंच होतं. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्याची जी गत, ती माझ्या नाकाची.

पुढे तिला जेवताना तोंड उघडेना. भाकरीचा तुकडा कुस्करून, भिजवून ओठांतून आत सारायची. मग सगळ्यांना एकदम साक्षात्कार झाला की दुखणं दाढेचं आहे. दाढ दुखली की कान ठणकतो, मान धरते, तोंड उघडत नाही. इतकं साधं कसं सुचलं नाही? बाजाराच्या दिवशी दात काढणारा येतो. झाडाखाली पत्र्याची खुर्ची, समोर टेबलावर उपटलेल्या दातांचा ढीग, धंद्याची जाहिरात म्हणून. नवरा तिला घेऊन गेला, मी मागून गेले.

दातवाल्याने तिचं तोंड बोटांनी फाकवलं. ती गुरासारखी हंबरली.

‘‘कुठली?’’ त्याने विचारलं.

‘‘उजवीकडची. मागची,’’ नवरा म्हणाला.

‘‘किडलेली दिसत नाही.’’

‘‘आतून किडली असेल.’’

‘‘असेल,’’ दातवाला म्हणाला. त्याचं काय जातंय! पक्कड घातली, तिच्या छातीवर गुडघा टेकवला आणि पिळली. दाढ निघाली ती मुळासकट, तीन मुळं, पांढरीशुभ्र, लहान मुलीची असावी तशी. मला रडूच आलं. त्या बाईच्या अख्ख्या अंगात एक स्वच्छ काही होतं तर ती दाढ, आणि तीही आम्ही उपटून त्या ढिगात टाकली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. तिने टेबलाच्या कडेला रक्त थुंकलं आणि पहिलं काय बोलली, तर ‘‘चला, आज जुड्या बघायच्यात.’’

दातवाला हात पुसत नवऱ्याला म्हणाला, ‘‘वास फार येतो हो.’’

‘‘तागवाले आहोत,’’ नवरा म्हणाला.

‘‘हां, मग बरोबर.’’

त्या दोन शब्दांवर सगळं संपलं. तागवाले म्हटलं की वास हिशेबात धरलेलाच. मला त्या दातवाल्याचं डोकं त्या टेबलावर आपटावंसं वाटलं.

त्याच दिवशी ती तळ्यावर गेली. गाल सुजलेला, मान एका बाजूला कललेली, डोळे चढलेले. फळीवर वाकली तेव्हा तोल जाऊ नये म्हणून मी तिची कंबर धरली. तिने हात आत घातला, कान बुडवला, काडी काढली, मोडली. नाकाशी धरली. मग परत धरली. असं ती कधी करत नसे. डोक्याचं फडकं तिच्या गालावरून पुढे लोंबत होतं, कानातला पू पिऊन जड झालेलं, आणि काडीबरोबर तेही नाकाला लागत होतं.

‘‘आली,’’ ती म्हणाली.

‘‘आई, आज?’’ नवरा चमकला. ‘‘अजून पाणी तसं...’’

‘‘आली म्हटलं ना! उद्यापर्यंत शेंबूड होईल. काढा.’’

काढल्या. दगड हटवले, जुड्या ओढल्या, सोलायला घेतल्या. साल सुटेना. बुंध्याशी ठेचून ठेचून मोगरी तुटायची वेळ आली, पण साल काडीला आईच्या अंगाला पोर चिकटावं तशी. नखांच्या मुळातून रक्त यायला लागलं. ताग कच्चा होता. शेजारच्या लोकांनी आमच्या भरवशावर त्यांच्याही जुड्या उपसल्या होत्या. तळ्यावर कालवा झाला.

‘‘म्हातारीचं नाक गेलं!’’ कोणीतरी म्हणालं.

‘‘नाक गेलं आता, मग राहिलं काय?’’ काकी म्हणाली. आणि हसली. कालपर्यंत हीच मान चोळत होती.

सासू चिखलात उभी. तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ती एकेक काडी उचलून नाकाशी नेत होती आणि पुटपुटत होती, ‘‘वास तर येतोय. वास तर चांगला येतोय.’’

मला राहवलं नाही. ‘‘तो तळ्याचा वास नाही, आत्याबाई. तुमच्या कानाचा आहे. तुमच्या फडक्याला लागलाय. ताग कच्चा आहे, तुम्ही सडताय!’’

तिने वाकून ओंजळभर चिखल घेतला आणि माझ्या तोंडावर मारला. डोळ्यांत, तोंडात, नाकात. मी थुंकले, परत थुंकले. नवऱ्याने माझ्या हाताला धरून मला घरी जायला सांगितलं, जसं कुत्र्याला हाकलतात तसं. मी गेले. पण वाटेत मला तिचा राग येत नव्हता. भीती वाटत होती. चिखल मारताना तिची मान वळली नव्हती. सगळं धडच फिरलं होतं, लाकडासारखं.

दुसऱ्या सकाळी ती उठली नाही. अंग तव्यासारखं तापलेलं. उजवा कान पुढे आलेला, मागून कुणी ढकलल्यासारखा, आणि कानामागे चकाकणारी लाल सूज थेट मानेपर्यंत. ती मला तिच्या आईच्या नावाने हाक मारत होती. नवरा तळ्यावर गेला होता, कच्च्या जुड्या परत बुडवायला. म्हणजे वर दगड रचायचे, ढेकळं ठेवायची, सगळं पहिल्यापासून.

मी दार लोटलं, तिच्याजवळ बसले आणि चिमट्याने तो बोळा ओढला. सहज निघाला नाही. वाखाचे धागे आत चिकटले होते. निघाला तसा मागून पू आला, हिरवट, रक्ताचे दोरे असलेला, भसाभसा, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत. मी बाजूला तोंड करून ओकले, परत वळले, पुसलं, परत ओकले. सांगायला लाज कसली? मला तिची किळस आली. भयंकर किळस आली. आणि हात मात्र थांबले नाहीत.

तो बोळा फडक्यात घेऊन मी तळ्यावर धावले. नवऱ्याच्या नाकाखाली धरला.

‘‘हुंगा.’’

‘‘काय आहे?’’

‘‘हुंगा आधी!’’

त्याने हुंगलं. प्रामाणिकपणे हुंगलं. परत एकदा हुंगलं. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘तळ्याचाच आहे गं.’’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो खोटं बोलत नव्हता. इतके दिवस मला वाटायचं, त्याला कळतंय पण आईपुढे बोलत नाही. पण त्याला खरंच येत नव्हता. त्या माणसाच्या नाकाखाली त्याची आई सडत होती आणि त्याला ताग कुजल्याचा वास येत होता.

रस्त्यावर टेम्पोवाला उभा होता, वाख न्यायला आलेला. शहरचा माणूस, महिन्यातून एकदा यायचा, नाकाला रुमाल बांधूनच. मी नवऱ्याला ओढत त्याच्यासमोर नेलं.

‘‘दादा, रुमाल काढा. हा वास घ्या आणि यांना सांगा.’’

टेम्पोवाल्याने रुमाल खाली केला, वाकला आणि एकदम मागे सरकला. दोन्ही हात दाराला टेकवून उभा राहिला.

‘‘अरे देवा. कुणाचं आहे हे?’’

‘‘यांच्या आईच्या कानातलं.’’

‘‘अहो, माणूस सडतंय हो घरात तुमच्या!’’ तो नवऱ्यावर खेकसला. ‘‘माझ्या आजोबाच्या पायाला गँगरीन झालं होतं, तसा वास आहे हा. बघत काय बसलात?’’

परक्याने सांगितलं तेव्हा पटलं. मी घसा कोरडा करत होते त्याचं काही नाही. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने तो बोळा परत एकदा नाकाशी नेला, परत काही कळलं नाही, आणि मग त्याने तळ्याकडे बघितलं.

‘‘आणि जुड्या?’’ तो म्हणाला. सवयीने म्हणाला असेल. पण म्हणाला.

‘‘जुड्यांना आग लावा!’’ मी ओरडले. सगळ्या तळ्याला ऐकू गेलं. काकीलाही.

शेवटी असं ठरलं की मी तिला घेऊन जायचं आणि त्याने जुड्यांपाशी राहायचं. टेम्पोवाला चांगला माणूस होता, पण पुढे बसू द्यायला तयार नव्हता. ‘‘काच बंद करावी लागते हो, ताई,’’ म्हणाला. आम्ही मागे वाखाच्या गठ्ठ्यांवर बसलो. तिचं डोकं मांडीवर, माझ्या कपड्यांत पू झिरपतोय, खड्ड्याखड्ड्याला ती विव्हळतेय. वाटेत ती शुद्धीवर आली.

‘‘कुठे नेतेस?’’

‘‘दवाखान्यात.’’

‘‘ताग?’’

‘‘तुमचा लेक बघतोय.’’

‘‘त्याला नाही कळायचं,’’ ती म्हणाली आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी येत होतं. दुखण्याचं असेल. मी पुसलं नाही, माझे हात घाण होते.

मोठ्या दवाखान्यात बाकावर आम्ही बसलो तसं बाक रिकामं झालं. एक बाई उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली, पोराच्या नाकावर हात ठेवून. नंबर यायच्या आधीच आम्हाला आत बोलावलं. कणव कसली, वास नको होता त्यांना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मास्क लावलेल्या. त्यांनी कानामागे बोट टेकवलं आणि सासू किंचाळली.

‘‘दाढ कुणी काढली?’’

‘‘बाजारात. सगळे म्हणाले, दाढेचं दुखणं आहे.’’

‘‘म्हणजे अगदीच चूक नाही,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘कानातून मानेत उतरणारं दुखणं दाढेचं असू शकतं. घशाचं असतं, जबड्याच्या सांध्याचं असतं, मान आखडल्याने होतं, गाठ सुजली की होतं. यातलं काहीही. पण कान वाहतोय, मागे सूज, कान पुढे ढकललेला, ताप, मान कडक, इतकं असताना कुणीच कान बघितला नाही?’’

‘‘तेल घातलं.’’

‘‘बघितला का?’’

बोळा घातला, तेल घातलं, गाठ चोळली, दाढ उपटली. बघितलं मात्र कुणी नव्हतं.

‘‘घाण पाण्याने आत पू झाला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘बोळ्याने त्याची वाट बंद केली. मग त्याने कानामागचं हाड पोखरलं आणि मानेत उतरला. इथून पुढे मेंदू. आज कापावं लागेल. कान वाचेल की नाही ते सांगत नाही. आधी त्या वाचू देत.’’

मी दाराबाहेर बसून राहिले. माझे हात साबणाने धुतले, परत धुतले, परत हुंगले. तिचं काय होईल याशिवाय डोक्यात काही नव्हतं. तोंडावर चिखल मारणाऱ्या बाईसाठी मी देवाला हात जोडत होते. माणसाचं काही सांगता येत नाही.

ती वाचली. कान गेला. उजवीकडून आता तिला काही ऐकू येत नाही. डोक्याला पट्टी, मानेत नळी, हाताला सुई. नर्सबाईंनी तिला गरम पाण्याने पुसून काढलं, केस कापले, नखं काढली, तिचे कपडे पिशवीत बांधून फेकून दिले. मलाही त्यांचे पांढरे कपडे दिले. पांढऱ्या चादरीवर ती इतकी लहान दिसायला लागली की मला ओळखू येईना. दिवसागणिक ताप उतरत गेला. पेज पोटात राहायला लागली. मग ती चिडचिड करायला लागली, तेव्हा मला बरं वाटलं.

‘‘हा कसला वास?’’ असं ती एकसारखी विचारायची. फिनेलचा. औषधाचा. खिडकीबाहेर कापलेल्या गवताचा. शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या केसांतल्या तेलाचा. तळ्यापासून इतके दिवस लांब राहून तिला सगळंच यायला लागलं होतं. गवताचा वास आला तेव्हा ती डोळे मिटून कितीतरी वेळ पडून राहिली. माझ्याशी तिने माफीचं काही काढलं नाही, आणि मीही वाट बघत नव्हते. फक्त एकदा म्हणाली, ‘‘तुला हे सगळं रोज यायचं?’’

‘‘रोज.’’

‘‘मग कशी गं राहिलीस?’’

काय सांगणार होते? राहिले.

ताग काढून झाल्यावर नवरा आला. दुपारची वेळ. मला तो लांबून दिसला, धुतलेला सदरा, केस ओले करून विंचरलेले, हातात मोसंबीची पिशवी. बिचाऱ्याने दगडाने अंग घासलं असणार, मानेवर ओरखडे होते. पण तागाचा वास कातडीच्या आत असतो, दगडाने काय होतंय! तो दारापाशी यायच्या आधी वास आला. शेजारच्या बाईने तोंड फिरवलं. तिच्या लेकीने खिडकी उघडली.

सासू उठून बसली होती. तिच्या नाकपुड्या फुलल्या आणि ती घाबरली. खरंच घाबरली. माझं मनगट धरून तिने हळू विचारलं, ‘‘हे काय आहे? काय मेलंय?’’

‘‘काही नाही मेलं. तुमचा लेक आलाय.’’

‘‘नाही. हा वास...’’

‘‘तळ्याचा आहे, आत्याबाई. नेहमीचाच.’’

‘‘आपल्या सगळ्यांना असाच...?’’

मी मान हलवली. तिने तोंडावर हात दाबला. बाजारात, लग्नकार्यात, पाहुण्यांच्या घरी जिथे जिथे ती ताठ मानेने जाऊन बसली होती, ते सगळं तिला त्या क्षणी आठवत असणार, लोक कुठे सरकून बसले, कुणी खिडकी उघडली. तिचा चेहरा लाजेने काळवंडला.

दारावरची आया नवऱ्याला अडवत होती. ‘‘ए, थांब तिथे. आत नको. बाहेर उभं राहून बोल काय ते. पेशंट आहेत इथे, घाण घेऊन कुठे येतोस?’’

नवरा तिथेच थांबला. पिशवी दोन्ही हातांत धरून. त्याला कळेना त्याने काय केलंय. त्याने स्वतःच्या चपलेखाली बघितलं, काही लागलंय का.

आणि सासूने तोंडावरचा हात काढला.

‘‘ए बाई!’’ तिचा आवाज फाटला, पण सगळ्या वॉर्डात घुमला. ‘‘माझा लेक आहे तो! तुझ्या बापाने बांधलाय का दवाखाना? ये रे. ये इकडे. माझ्याजवळ बस.’’

तो आला. पलंगावर, तिच्या ऐकू येणाऱ्या बाजूला बसला. तिने त्याचा हात धरला. काळी नखं, फुगून पांढरी झालेली बोटं. धरला तो सोडला नाही. तो बोलत राहिला. ताग दुसऱ्या वेळी चांगला निघाला, थोडा डागाळला पण निघाला, काकीने विचारलंय, कुत्री व्यायली. ती मान न हलवता ऐकत होती, ‘हं’ म्हणत होती, आणि तोंडाने श्वास घेत होती. कपाळावर घाम आलेला. एकदा त्याने वाकून तिच्या हनुवटीवरची पेज अंगठ्याने पुसली, तेव्हा तिचा गळा वरखाली झाला. तरी हसली.

‘‘जेवलास का?’’ तिने विचारलं.

‘‘हो. तू बरी आहेस ना, आई?’’

‘‘मला काय धाड भरलीय!’’

तो उठेपर्यंत तिने नाकाला हात लावला नाही. तो दाराबाहेर गेला, जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खाली गेला, आणि ती माझ्याकडे वळली. डोळे फिरलेले.

‘‘भांडं दे. लवकर.’’

मी भांडं धरलं. ती ओकली. टाके ओढले जात होते, जबडा नीट उघडत नव्हता, प्रत्येक उबळीला ती कळवळत होती आणि ओकत होती, पोटात काही उरलं नाही तरी. मी एका हाताने तिचं कपाळ धरलं. शेवटी ती उशीवर पडली, मी तिचं तोंड पुसलं.

‘‘त्याला सांगू नकोस,’’ ती म्हणाली.

‘‘नाही सांगणार.’’

तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

‘‘उद्या परत येतो म्हणालाय,’’ ती म्हणाली.

मी भांडं धुऊन आणलं आणि तिच्या उशाशी ठेवलं.